झिऱ्याच्या वाटेवरचा बोर्ड

चाचा, मी तिकीट काढलं.

तुम्ही जाऊन त्या दिवशी नऊ दिवस झाले होते. फाटकावरच्या पोरीनं माझ्या मनगटाला हिरवा कागदी पट्टा चिकटवला, "एन्जॉय करा ताई" म्हणाली, आणि मी त्या इको पार्कात शिरले. याच पार्कात जन्मात पाय ठेवणार नाही, असं मी बोरी अरबच्या भर बाजारात माईकवर सांगितलं होतं. तुम्ही तेव्हा पानठेल्याजवळ उभे होता. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, तुम्ही नाही. मी मनात म्हटलं, हा कशाला वाजवेल? त्याच पार्कचे बोर्ड रंगवतो.

तुमच्याबद्दल गोड गोड लिहायला मला जमणार नाही. मेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं हा नियम ज्यानं काढला, त्यानं त्या माणसाला जिवंतपणी नक्कीच छळलेलं असणार. मीही छळलं. म्हणून तो नियम मला नको. जे झालं ते सांगते.

तुमच्या हाताची अक्षरं वाचतच मी वाचायला शिकले. कृषी केंद्राचं शटर, दवाखान्याची पाटी, ट्रॉलीच्या मागचं 'आईचा आशीर्वाद', जयंतीच्या आधी आमच्या बौद्ध वस्तीच्या कमानीवर चढणारी निळी अक्षरं. सगळं नसीर पेंटर. पुढं मी संघटनेत आले, आणि आम्ही ठरवलं की फ्लेक्स लावायचे नाहीत, भिंती रंगवायच्या. मी तुमच्या दुकानात घोषणांचा कागद घेऊन आले. तुम्ही कागद वाचला नाही. म्हणालात, "सूत धरता येते का तुले?"

भल्या पहाटे आपण बाजाराच्या भिंतीपाशी. खडूच्या भुकटीत घोळलेलं सूत, एक टोक तुमच्याकडं, एक माझ्याकडं. तुम्ही मधोमध चिमटीत धरून ताणायचे आणि सोडायचे. फट्! भिंतीवर पांढरी सरळ रेघ.

"ढिलं सोडू नको, लीडर. सूत ढिलं असलं की रेघीले पोट येते."

लीडर. टिंगल होती ती. मी एकविशीची, आवाज मोठा, चप्पल तुटलेली. पण टिंगल करता करता तुम्ही आमच्या सगळ्या घोषणा लिहून दिल्या. एकदा पोलिसांनी विचारलं, हे कुणी लिहिलं? तुम्ही म्हणालात, "लिहिलं म्या. म्हनते हे पोट्टी." दोघांनाही बसवून ठेवलं दुपारपर्यंत. तुम्ही तिथल्या बाकड्यावर बसून मला सांगत होता की ठाण्याच्या पाटीतली अक्षरं उजवीकडं कलली आहेत, आणि साहेबांनी परवानगी दिली तर आत्ता सरळ करून देतो.

हे चांगलं झालं. आता भांडण.

टेकडीवर पार्क झालं. तंबू, ट्रेकिंगची वाट, झुलता पूल, सेल्फीचा कठडा. पायथ्याशी कोलामांचा पोड आहे, वीस-पंचवीस घरांची वस्ती. त्यांना कुणी विचारलं नाही. आम्ही पत्रक काढलं. आणि त्याच आठवड्यात तुम्ही पार्कच्या पाट्या रंगवायला घेतल्या. मी दुकानात आले तर ओळीनं वाळत घातलेल्या: साग, ऐन, धावडा, बिबा, मोह.

"चाचा, हे काय?"

"झाडायचे नावं. लोक नाव वाचतीन त झाड पाहतीन."

"झाडाला पाटी लागली की समजायचं, आता त्याची बोली लागणार."

"तुले जंगल वाचवाचं हाय," तुम्ही ब्रश टर्पेंटाइनमध्ये बुडवत म्हणालात, "पन तुले जंगलात जायाचं नाही. कधी गेलती काय त्या टेकडीवर? मी दर शुक्रवारी नमाज झाल्यावर जातो. वीस वर्सं झाले. पार्क नव्हतं तवापासून."

"म्हणून विकत द्यायची?"

तुम्ही हसलात. त्या हसण्याचा मला फार राग आला. तो अजून गेलेला नाही, आणि पार्कबद्दल माझं मतही बदललेलं नाही, हे आधीच सांगून ठेवते. पुढचं वाचून कुणी उड्या मारू नयेत.

मग तो फोटो आला. कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलेला. जंगलातली पायवाट, वाटेत बोर्ड: 'यापुढे जाण्यास मनाई आहे.' खाली लाल बाण. समोर डोक्यावर पाण्याचा रिकामा गुंड घेतलेली, नऊवारीतली एक बाई, पाठमोरी, थबकलेली. पोडावरच्या बायांना झिऱ्याकडं जायला बंदी केली होती. ओढ्याच्या कडेला वाळू-दगडात खोदलेला तो झिरा, उन्हाळाभर पोडाचं पाणी तेच. आणि बोर्डावरची अक्षरं तुमची. सावली डाव्या अंगाला, कडेला बारीक पिवळी रेघ. आंधळ्यानंही हात फिरवून ओळखली असती.

मी पत्रक लिहिलं. एका बैठकीत, एकही खाडाखोड न करता. मथळा दिला: 'हात विकला गेला.' ज्या हातानं आपल्या भिंती लिहिल्या, त्याच हातानं आदिवासी बायांचं पाणी अडवलं. तो फोटो मोठा करून छापला, खाली नाव छापलं, नसीर पेंटर, बोरी अरब. बाजारात वाटलं. तुमच्या दुकानाच्या शटरखालूनही एक सरकवलं. ते मी स्वतः सरकवलं.

दुसऱ्या दिवशी तुमचा फोन.

"पत्रक वाचलं. चांगलं लिहितं तू. एकदा वर ये, लीडर. बोर्ड पाह्य. मंग लिहायचं ते लिही."

"मी त्यांचं तिकीट काढणार नाही."

"मी काढतो ना तुह्यं."

"मग तर मुळीच नाही," म्हणाले आणि फोन कापला.

आपलं शेवटचं बोलणं ते. दीड महिन्यानं तुम्ही दुकानात बसल्या बसल्या गेलात. मयतीला मी आले, गल्लीत उभी राहिले. आतून कुणीतरी म्हणालं, "हेच थे पत्रकवाली." कुणी शिवी दिली नाही. दिली असती तर बरं वाटलं असतं.

तिसऱ्या दिवशी जुबेदाचाचीनं आत बोलावलं. रडून रडून आवाज बसला होता, पण शब्द तोलून मापून आले. "मोहल्ल्यातले लोक विचारतात, बिके थे क्या नसीरभाई. मी काय सांगू? तू लिहिलं, तू सांग. त्यायनं तुले वर बलावलं होतं ना? मंग जा."

म्हणून तिकीट.

मी तिथं शोक करायला गेले नव्हते, पुरावा शोधायला गेले होते. तुम्ही दोषी असल्याचा पुरावा मिळाला तर चाचीला काय सांगायचं, याची वाक्यंही एसटीत तयार केली होती.

म्यानेजर तरुण, नागपूरकडचा, टोपीवर वाघाचा पंजा. तुमचं नाव काढताच त्यानं छातीवर हात ठेवला. "नसीर अंकल! फार को-ऑपरेटिव्ह माणूस. त्यांच्या आठवणीत आम्ही एक कोपरा करतोय. त्यांचा फोटो, ब्रश, बाजूला बसायला लाकडी ओंडका. लोक फोटो काढतील."

ज्या माणसाचं ते कौतुक करतात त्याच्याबद्दल माझा संशय आणखी घट्ट होतो. ही माझी सवय आहे, आणि बहुतेक वेळा ती बरोबर निघाली आहे.

"झिऱ्याजवळचा मनाईचा बोर्ड त्यांनीच केला?"

"त्यांनीच केला, त्यांनीच लावला. आम्ही सांगितलंसुद्धा नव्हतं." एवढं सरळ उत्तर आल्यावर मी वहीत लिहून घेतलं. मग 'सांगितलंसुद्धा नव्हतं' याच्याखाली रेघ मारली. न विचारलेलं सांगणारा माणूस काहीतरी झाकत असतो.

संध्याकाळपर्यंत टेकडी चढले. तुमच्या पाट्या एकेक तपासत. मला खात्री होती की झाडांना खिळे ठोकलेले असणार; त्याचे फोटो काढायचे ठरवलं होतं. एकही खिळा नव्हता. प्रत्येक झाडाशेजारी वेगळी खुंटी रोवून त्यावर पाटी. मी वाकून वाकून पाहिलं. बिब्याजवळच्या पाटीवर नावाखाली बारीक अक्षरांत 'हात लावू नका, अंगावर फोड येतात' असं लिहिलेलं, आणि शेजारी सुजलेल्या तोंडाच्या माणसाचं चित्र. हसू आलं, आणि हसू आलं म्हणून चीड आली. एवढ्यावर सुटणार नाही तुम्ही, म्हटलं.

टेकडी सुंदर आहे. हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं, असं लिहिणार होते, पण ते खोटं आहे. तुम्ही सांगितलं होतं. सागाची वाळकी पानं पायाखाली पापडासारखी मोडत होती, वरून पाहिलं तर खाली पोडाचे धूर, पलीकडं कपाशीची रानं, उन्हात पांढुरकी. मी खडकावर बसून राहिले. कितीतरी वेळ काहीच मनात आलं नाही. माझ्यासारखीच्या बाबतीत हे नवल आहे.

रात्रीच्या मुक्कामाला तंबूंपाशी आले. तिथं तुमचीच पाटी होती, 'रानातली शांतता ऐका', आणि त्याच खांबाला टांगलेल्या स्पीकरवर गाणी. शेजारच्या तंबूतल्या कुटुंबातली बाई मला म्हणाली, "एकट्याच? डेअरिंग आहे." मी म्हटलं, "चौकशीला आले आहे." ती मुलांना घेऊन पलीकडच्या शेकोटीला जाऊन बसली.

सकाळी उजाडताच झिऱ्याकडं निघाले. वाटेवर नवीन कोरा फ्लेक्स: 'नॅचरल पूल', आणि पोहणाऱ्या बाईचं कुठल्या तरी समुद्रातलं चित्र. झिऱ्याच्या काठावर शांपूच्या पुड्या, एक विसरलेला टॉवेल. पाण्यावर फेस. पाणी ओलांडून पलीकडं गेले. तिथं, पोडाकडून येणाऱ्या पायवाटेवर, पोडाकडं तोंड करून, तुमचा बोर्ड.

यापुढे जाण्यास मनाई आहे.

म्हणजे फोटो खरा होता. म्हणजे मी खरी होते. चाचा, मला त्या क्षणी आनंद झाला. हे लिहायची लाज वाटते, पण झाला. दुसऱ्याच क्षणाला मी खाली बसले.

पोडाकडून तीन बाया आल्या. पुढची साठीची, आयुबाई. मला पाहून थांबल्या. वाटलं, पार्कची आहे.

"आमी निस्तं बगाले आलो," आयुबाई म्हणाली. डोक्यावर गुंड होता, तरीही.

"मी पार्कची नाही. नसीर पेंटरच्या गावची आहे."

तिनं गुंड उतरवला. "नसीरभाऊ मेले म्हन्तात. खरं होय?"

"हो."

बाकीच्या दोघींनीही गुंड खाली ठेवले. मग मी विचारलं, कोरडेपणानं, साक्षीदाराला विचारतात तसं: "हा बोर्ड त्यांनीच इथं लावला ना?"

"इथं? नाई. थो तिकडं लावला होता." तिनं पाण्याच्या पलीकडं, तंबूंच्या बाजूला बोट केलं. "पार्कातले पोट्टे झिऱ्यात साबन लावून आंघोया करत. आमी पानी भरलं की झिऱ्यावर डहाळी झाकतो, जनावरानं घान करू नाई म्हून. थे डहाळी फेकून देत. आमाले लिवता येत नाई. मंग नसीरभाऊले म्हटलं, तुमी लिवता, त्यायच्यासाठी लिवून द्या. तुमचे बोर्ड वाचतात थे."

"मग इकडं कसा आला?"

"आंघोयवाल्यायनं गऱ्हानं केलं. म्यानेजरनं मान्सं लावून उपटला आन् इकडं रोवला. आता आमी आलो की शिट्टी वाजवतात."

मी विश्वास ठेवला नाही. खरं सांगते. मला वाटलं, गावचा माणूस मेला, त्याच्या गावची पोरगी आली, म्हातारी धीर देते आहे. मी तसं म्हटलंही: "मला बरं वाटावं म्हणून सांगताय का?"

"तुले बरं वाटावं म्हून?" आयुबाई म्हणाली. "तू कोन माही?"

बाकीच्या दोघी तोंडावर पदर घेऊन हसल्या.

तेव्हा मी बोर्डाकडं नीट पाहिलं. माझ्या पत्रकात छापलेला तोच बोर्ड, तोच लाल बाण, बाणाखाली बारीक अक्षरांत 'वाट'. बाण उजवीकडं होता. मी उजवीकडं पाहिलं. उजवीकडं खडक. उभा, पुरुषभर उंच, त्यातून फुटलेली घाणेरीची जाळी. कुठलीच वाट नाही. शेळीसुद्धा तिकडून गेली नसती.

उठले, पाणी ओलांडलं. तंबूंकडच्या बाजूला दगडांनी अर्धवट बुजवलेला खड्डा होता. त्याच्यासमोर पर्यटकासारखी उभी राहिले. उजवीकडं वळून पाहिलं. माथ्याकडं जाणाऱ्या पायऱ्या.

बाण तिथलाच होता. चाचा, मी तो बाण हजारदा पाहिला होता. मोठा करून छापला होता. कागदावर बाण कुणीकडंही दाखवतो. तो खरा कुणीकडं दाखवतो हे कळायला तिथं उभं राहावं लागतं, आणि मी तर तिथं उभं न राहण्याची शपथ घेतली होती.

परत आले तेव्हा आयुबाई सांगत होती, आता माझ्याकडं न पाहता. "भाऊ दोनदा आले मंग. पयल्या बारीले म्यानेजर म्हने, करतो. दुसऱ्या बारीले भेटलाच नाही. भाऊ इथंच बसून राहले. म्या म्हटलं, उपटू का? आमी तिघी पुरे होतो. त म्हने, थांब थोडे दिवस. लीडर येनार हाय. तिले जसाच्या तसा पाहू दे, मंग उपटा." तिनं नाक मुरडलं. "दोन महिने वरच्या अंगानं फिरून पानी आनलं आमी. कोन लीडर होय बाप्पा, आलाच नाही."

"मी होय," म्हटलं.

तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मनगटावरचा हिरवा पट्टाही पाहिला.

"तू?" एवढंच म्हणाली. मग बोर्डाच्या खांबाला हात घातला.

मला तो बोर्ड हवा होता. पाठीवर बांधून खाली न्यायचा, चाचीच्या दारात उभा करायचा, बाजारात उभा करायचा, लोकांना बाण दाखवायचा. तुमचं नाव धुवायला माझ्याकडं दुसरं होतंच काय? मी म्हटलं, "हा मी घेऊन जाते. त्यांच्या घरी देते."

"कायले?"

"त्यांची शेवटची आठवण."

"आमच्यासाठी लिवला त्यायनं. आमचा होय." ती खांब हलवत होती. "धर तिकडून."

मी धरला. चौघींनी मिळून उपटला, पाण्यातून पलीकडं नेला, जुन्या खड्ड्यातले दगड काढून पुन्हा रोवला, तोंड तंबूंकडं. 'नॅचरल पूल'चा फ्लेक्स एकीनं घडी करून गुंडाखाली चुंबळीसारखा ठेवला. मी म्हटलं, म्यानेजर परत हलवेल. आयुबाई म्हणाली, "हालवू दे. आमाले रोजच याचं हाय पान्याले." आणि तिनं झिऱ्यावर डहाळी झाकली.

मी फोटो काढला नाही. काढून काय सिद्ध होतं ते मला चांगलं कळलं होतं.

तुमच्यावरचा माझा राग गेलेला नाही, चाचा. फोनवर एक वाक्य बोलायला काय झालं होतं? 'बोर्ड त्यांनी हलवला.' तीन शब्द. बाया दोन महिने फिरून पाणी आणत होत्या, आणि तुम्ही माझी वाट पाहत बसलात! ही कसली जिद्द? गावी परतल्यावर चाचीला हेच विचारलं. ती तांदूळ निवडत होती, मान वर केली नाही.

"म्या बी म्हटलं, फोनवर सांगून टाका. त म्हनत, सांगितलं त ती म्हनन, बहाना करून राह्यला. तिचा बोलन्यावर भरोसा नाही. डोळ्यानं पाह्यलं तरच मानन."

तुम्ही मला ओळखत होता. तेवढं मी तुम्हाला ओळखत नव्हते.

मग मी झिऱ्यावरचं सगळं चाचीला सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, "मले कायले सांगते? मले माहीतच होतं. जिथं पत्रक वाटलं तिथं सांग."

संघटनेत बैठक झाली. चूक कबूल करू नये, असं ठरलं. पार्कवाले माफीचं पत्रक फ्रेम करून फाटकावर लावतील, म्हणाले. लावतील, यात शंका नाही. त्या म्यानेजरला मी ओळखून आहे. त्याच्या लाकडी ओंडक्याशेजारी माझी माफीही टांगेल तो. पण तुमच्या नावावर मी जे चिकटवलं ते संघटनेनं चिकटवलेलं नव्हतं. मी लिहिलं होतं, मी शटरखालून सरकवलं होतं.

बाजाराच्या दिवशी एकटीच उभी राहिले, कांद्याच्या ढिगांच्या आणि चपलांच्या दुकानाच्या मधे. कागद नव्हता, माईक नव्हता. म्हटलं, नसीर पेंटरबद्दल मी छापलं ते खोटं होतं. बोर्ड त्यांनी पोडाच्या बायांसाठी लिहिला होता, त्यांच्या सांगण्यावरून. तो दुसऱ्यांनी हलवला.

लोक जमले. कांदेवाल्या काकांनी तराजू खाली ठेवला. "मंग तवा कायले लिहिलं तसं?"

"मी त्यांना विचारलं नाही," म्हटलं.

ते पाहत राहिले. आणखी काहीतरी येईल म्हणून थांबले. मागून एकानं पुढं येऊन तेच विचारलं. मग एका बाईनं. मी तेच सांगितलं. दुपारी बाजार उठेपर्यंत सांगत होते, चाचा. त्याच्यापुढं जोडायला एक वाक्य सुचलं नाही.